वाढवण बंदर: सीआरझेड असूनही समुद्रात भराव कसा काय? आणि वाशिमकरांनी हे का वाचावं?

वाशिम जिल्ह्यातून सरळ पश्चिमेला रेघ ओढली, तर साधारण साडेचारशे किलोमीटरवर ती पालघरच्या डहाणू तालुक्यात समुद्राला भिडते. तिथेच वाढवण आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एक तिथे उभं राहतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये त्याला मंजुरी दिली. खर्च 76,220 कोटी. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं.

साहजिकच प्रश्न येतो, किनाऱ्यावर साधं घर बांधायला सतरा परवानग्या लागतात, मग समुद्रात 1,448 हेक्टर भराव कसा चालतो?

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. पुढे 19 फेब्रुवारी 1991 ला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचना निघाली. 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली. आता कांदळवन, कासवांच्या विणीच्या जागा पहिल्या वर्गात, शहरी किनारा दुसऱ्या, गावं तिसऱ्या आणि पाणी चौथ्या वर्गात येतं. 2019 ला मोठी सूट मिळाली ती दाट वस्तीच्या गावांना. चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त लोक असतील, तर बांधकामबंदीचा पट्टा 200 वरून 50 मीटरवर आला.

पण ज्या गोष्टी किनाऱ्याशिवाय होऊच शकत नाहीत, त्यांना सीआरझेड आधीपासूनच वाट देतं. बंदर, जेट्टी त्यातच येतात. पर्यावरण मंजुरी घ्या आणि बांधा. म्हणजे वाढवणला इतकी वर्षं सीआरझेडने अडवलंच नव्हतं.

अडवलं ते डहाणूच्या स्वतंत्र नियमाने. जून 1991 मध्ये केंद्राने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला आणि प्रदूषणकारी उद्योगांना बंदी घातली. नियम पाळला जातोय का हे बघायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. अध्यक्ष होते न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. 1998 मध्ये या प्राधिकरणाने वाढवणला बंदर होणार नाही असा आदेश दिला. (त्याच वर्षी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. योगायोग, दुसरं काही नाही.)

मग पंचवीस वर्षांत बदललं काय? समुद्र तोच, खडक तेच. बदलली ती व्याख्या. 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना ‘बिगर-औद्योगिक’ गटात टाकलं. बंदर उद्योगच नाही म्हटल्यावर उद्योगबंदी लागणार कशी? धर्माधिकारींचं जानेवारी 2019 मध्ये निधन झालं होतं. 31 जुलै 2023 ला त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. त्याविरुद्धच्या याचिका एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्या.

सरकारची बाजू पोकळ नाही. इथे सुमारे 20 मीटर नैसर्गिक खोली आहे, त्यामुळे जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं थेट लागू शकतात. वर्षाला 298 दशलक्ष टन मालाची क्षमता सांगितली जाते. मच्छीमारांची भीतीही हवेतली नाही. इथला खडकाळ किनारा ओहोटीला उघडा पडतो, तिथे मासे अंडी घालतात. घोळ, दाढा ही महागडी मासळी याच पट्ट्यातली. दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत आणि भराव आला की प्रवाह वळतात, गाळ दुसरीकडे साचतो, कुठे किनारा खचतो. नुकसानभरपाई होडी आणि जाळ्याची मोजता येते. मासळीच सरकली तर हिशोब कसा करायचा?

आता वाशिम. कारंजा, शेलूबाजार भागातून जाणारा समृद्धी महामार्ग वाढवणला जोडण्यासाठी इगतपुरीजवळच्या भरवीरपासून सुमारे 105 किलोमीटरच्या रस्त्याला राज्य सरकारने मंजुरी दिली आहे. तो झाला की वाशिमच्या सोयाबीनची पेंड निर्यातीला याच धक्क्यावरून जाऊ शकेल.