रद्दीत गेलेला पुरावा

धुळ्यात राहून इतिहासाचे काम करणाऱ्या माणसाला ‘रद्दी’ या शब्दाचा धाक असतो. वि. का. राजवाडे यांनी गावोगावी हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवर आणि पेटाऱ्यांत कसरीने खाल्लेले कागद गोळा केले. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. त्या मंडळाच्या कपाटांसमोर मी मोडी वाचायला शिकलो. एक चिटोराही फेकायचा नाही, हा तिथला पहिला धडा.

आणि तरीही अकरा वर्षांपूर्वी मी स्वतःच्या सहीने तीनशेच्या वर पुस्तके रद्दीत घातली आहेत.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या वाचनालयाच्या ग्रंथसमितीवर मी तेव्हा होतो. जागा अपुरी, कपाटे भरलेली. ग्रंथपालांनी बाद करायच्या पुस्तकांची यादी पुढे ठेवली. त्यात बहुतेक रहस्यकथा होत्या: बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुरुवातीच्या काळातले सुहास शिरवळकर. पुठ्ठे निखळलेले, पाने सुटलेली. मी यादी वाचलीसुद्धा नाही. आमच्या घरी रहस्यकथा वाचणे हे वाचनात धरतच नसत. वडील प्राथमिक शिक्षक. थोरले भाऊ अर्नाळकर वाचायचे ते भूगोलाच्या पुस्तकात लपवून. आई अहिराणीत विचारायची, “काय वाची ऱ्हायना रे?” तर भाऊ बिनदिक्कत सांगायचे, “नद्या.” मी मात्र शहाणा मुलगा होतो. मी कधी तसले पुस्तक हातात धरले नाही.

गेल्या पावसाळ्यात पाय मोडला आणि दीड महिना प्लास्टरमध्ये पडून राहिलो. भुसावळहून भाचा भेटायला आला. त्याने रद्दीवाल्याकडून घेतलेल्या गठ्ठ्यातले एक पुस्तक उशाशी ठेवले आणि म्हणाला, “मामा, तुमच्या इतिहासाला जरा सुट्टी द्या.” पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हते, पहिली पाने नव्हती, त्यामुळे नावही कळेना. पण तिसऱ्याच पानावर झुंजार आला, म्हणजे पुस्तक अर्नाळकरांचे.

संध्याकाळी पाच वाजता सुरू केले. रात्री जेवणाचे ताट तसेच राहिले. सौ. दोनदा येऊन दिवा मालवायला सांगून गेल्या. अशा ओढीने मी यापूर्वी काय वाचले होते, ते आठवेना. छोटी वाक्ये, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक दार अर्धे उघडे, आणि अंगावर येणारा अंधार. पहाटे दोनच्या सुमारास खुनी कोण हे कळायची वेळ आली आणि पुस्तक संपले. म्हणजे पानेच संपली. शेवटचे अख्खे प्रकरण गळून गेलेले.

झोप लागेना, तेव्हा सवयीने मी त्या पुस्तकाचा काळ ठरवू लागलो. टॅक्सीचे भाडे रुपये-आण्यांत होते, म्हणजे लेखन बहुधा १ एप्रिल १९५७ च्या, दशमान नाण्यांच्या आधीचे. चोरट्या दारूचा उल्लेख होता, म्हणजे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरचे असावे. अनामिक बखरीचा काळ आपण असाच ठरवतो. तेव्हा लक्षात आले की झुंजार रात्रभर जे करत होता तेच मी जन्मभर करत आलो आहे: कोण खरे बोलतो, कोणाला खोटे बोलण्याचे कारण आहे, कुठला कागद मागाहून लिहिला आहे. फक्त तो ते वाचकाला ताटकळत ठेवून करतो आणि आम्ही तळटिपा देऊन करतो.

बरा झाल्यावर या साहित्याचा माग काढला. मराठीत रहस्याची गोडी जुनी आहे. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या लंडनमधल्या गूढकथांची रूपांतरे आपल्याकडे चवीने वाचली गेली. गो. ना. दातारशास्त्री यांनी ‘इंद्रभुवनगुहा’सारख्या कादंबऱ्यांतून ती आवड आणखी वाढवली. मग आले चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६). त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पुस्तके आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही नावे घराघरांत पोहोचली. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. आमच्या वाङ्मयेतिहासांत या साऱ्यांच्या वाट्याला मोठ्या मुश्किलीने एखादे पान येते. खुद्द राजवाड्यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून मराठी कादंबरीची कडक झाडाझडती घेतली होती. पण झाडाझडती घ्यायची तर आधी वाचावे लागते. त्यांनी वाचले होते. मी न वाचताच सही केली होती.

भाच्याने आणलेल्या प्रतीत मागच्या बाजूला कुठल्याशा वाचनालयाच्या परतीच्या तारखांचा कागद चिकटलेला होता. एकावर एक शिक्के, दोन शिक्क्यांत कधी दोन तर कधी तीन दिवसांचे अंतर. एका कागदावर जागा संपली म्हणून दुसरा डकवलेला. माझ्या पुस्तकाच्या वाचनालयातल्या प्रतीवर, मी मुद्दाम पाहून आलो, सोळा वर्षांत पाच शिक्के आहेत.

खानदेशात वाचनालयांची परंपरा मोठी आहे. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ पासूनचे. पण ती पुस्तके नेत कोण होते, हे कुठल्या ग्रंथात सापडणार? भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले रात्रपाळीचे लोक, अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांतले कामगार, घरी अहिराणी किंवा लेवा बोलणारी आणि शाळेच्या पुस्तकातल्या मराठीला बिचकणारी मुले. माझे भाऊ सांगतात, “मला मराठी शाळेने नाही, झुंजारने शिकवली.” या वाचकांनी रोजनिशा लिहिल्या नाहीत, पत्रव्यवहार जपला नाही. त्यांचा पुरावा एकच होता: ते शिक्के मारलेले कागद. तो मी किलोच्या भावाने विकला.

त्या एका रात्रीने माझ्या कामातही फरक पडला. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ, धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे कार्यकर्ते आणि पश्चिम खानदेशातली मंडळी यांनी मिळून केलेले हे काम. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. मी त्यावर भाषणे दिली आहेत, सगळी गौरवाची. आता मी झुंजारसारखे विचारू लागलो: खजिना निघण्याची खबर कोणाला होती? एवढी रोकड कशात घालून नेली? त्या रात्री आसरा देणाऱ्या घराने नंतर काय सोसले? गौरव कमी झाला नाही, उलट जोखीम कळल्यामुळे वाढला. आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले मी सध्या लिहून घेतो आहे.

राहिला तो शेवट. त्या पुस्तकाची पूर्ण प्रत मी दोन्ही जिल्ह्यांत शोधली, मिळाली नाही. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका भेटले, वय पंचाऐंशीच्या पुढे. मी कथा अर्ध्यापर्यंत सांगताच त्यांचे डोळे चमकले. “वाचलंय. इंजिनावर जायच्या आधी एका बैठकीत संपवलं होतं.” मी विचारले, “मग खून कोणी केला?” ते हसून म्हणाले, “सर, शेवट सांगत नसतात. पुस्तक शोधा.”

तर हा लेख वाचणाऱ्यांना एवढेच सांगणे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून असे एखादे पिवळे, बिनपुठ्ठ्याचे पुस्तक निघाले, तर ते रद्दीत घालू नका. मागचा शिक्क्यांचा कागद फाडू नका. आणि घालायचेच असेल, तर निदान आधी वाचून घाला.