मँचेस्टरच्या बसगाड्या कोणाच्या?

मँचेस्टर म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना कापड आठवायचे. स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, त्यांत मँचेस्टरचा माल असायचाच. पण आज तुम्हाला सांगायचे आहे ते तिथल्या कापडाविषयी नव्हे, तिथल्या बसगाड्यांविषयी. गोष्ट परमुलखाची खरी. परंतु ज्याच्या गावाला दिवसातून दोनदाच एस. टी. येते, त्याला ती चटकन समजेल.

१८२४ साली जॉन ग्रीनवुड नावाच्या गृहस्थाने पेंडलटनहून मँचेस्टरच्या बाजारापर्यंत घोड्यांची गाडी सुरू केली. हा रस्त्याच्या नाक्यावर टोल वसूल करणारा माणूस. कोण कुठून येतो, कुठे जातो, हे त्याला बसल्या जागी दिसत होते. आधी जागा राखून ठेवायला नको. वाटेत हात केला की गाडी थांबे. हीच तिची नवलाई.

पुढे घोडे गेले, ट्रामगाड्या आल्या आणि गेल्या, मोटारी आल्या. आसपासच्या प्रत्येक गिरणगावाच्या नगरपालिकेने आपापल्या गाड्या काढल्या. मँचेस्टरच्या तांबड्या, सॉल्फर्डच्या हिरव्या. एकमेकींच्या हद्दीत जायचे तर आपसांत करारमदार करावे लागत. पण माणसे राहायची एका गावात आणि कामाला जायची दुसऱ्या गावात. त्यांना हद्दीचे काय? अखेर १९६८ च्या कायद्यानुसार १ नोव्हेंबर १९६९ रोजी अकरा नगरपालिकांच्या गाड्या एकाच सार्वजनिक मंडळाकडे आल्या आणि सगळ्यांना नारिंगी-पांढरा रंग चढला.

ही घडी सतरा वर्षे टिकली. २६ ऑक्टोबर १९८६ रोजी लंडन वगळता इंग्लंडभर बसचा धंदा खुला झाला. ज्याच्याकडे परवाना, त्याने सहा आठवड्यांची सूचना द्यावी आणि हवी तिथे गाडी काढावी. परवडेना तर तशीच सूचना देऊन बंद करावी. चढाओढ लागली की भाडे उतरेल, सेवा सुधारेल, असा सरकारचा हिशेब होता. तो अगदीच वेडगळ होता असे मी म्हणणार नाही. दोन दुकाने शेजारी असली की गिऱ्हाइकाचा फायदा होतो, हे आपण बाजारात पाहतोच.

पण बस म्हणजे दुकान नव्हे. आपल्याकडची मुक्कामाची गाडी आठवा. रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. ती एकटी कधी नफ्यात येईल का? तिची तूट मोठ्या रस्त्यावरची भरलेली गाडी भरून काढते. मँचेस्टरात नेमकी हीच गाठ सुटली. विद्यापीठाकडे जाणाऱ्या विल्मस्लो रोडवर एकीमागे एक गाड्यांची रांग लागली, आणि आडबाजूच्या वस्त्यांत थांबे ओस पडू लागले. चालणाऱ्या मार्गाचा नफा कंपनीचा. न चालणारा मार्ग हवा असेल तर त्याचे पैसे लोकांच्या करातून. शिवाय एका कंपनीचे तिकीट दुसरीच्या गाडीत चालेना. सगळीकडे चालणारे हवे तर जादा पैसे मोजा. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत बसने जाणाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. गिरण्या बंद पडल्या, घरोघर मोटारी आल्या, हीही कारणे त्यात आहेतच. सारा दोष एका कायद्याच्या माथी मारू नये.

२०१७ साली नवा कायदा झाला. त्याने निवडून आलेल्या महापौराला बससेवा पुन्हा आपल्या ताब्यात घेण्याची मुभा दिली. मार्च २०२१ मध्ये महापौर अँडी बर्नहॅम यांनी तसा निर्णय केला. दोन कंपन्या न्यायालयात गेल्या. २०२२ साली त्या हरल्या. व्यवस्था अशी ठरली की मार्ग, वेळापत्रक आणि भाडे लोकनियुक्त प्राधिकरणाने ठरवायचे, तिकिटाचे पैसेही त्यानेच घ्यायचे. कंपन्यांनी निविदा भरून ठरल्या रकमेत गाड्या तेवढ्या चालवायच्या. म्हणजे पेट्या भरल्या काय नि रिकाम्या राहिल्या काय, जोखीम लोकांचीच. या बदलाचा खर्च सुमारे साडेतेरा कोटी पौंड धरला होता, आणि त्यातला काही भार स्थानिक करावर पडला. फुकटात काही झाले नाही.

सगळे एकदम केले नाही, हे शहाणपणाचे. २४ सप्टेंबर २०२३ ला बोल्टन-विगनकडचा भाग, २४ मार्च २०२४ ला ओल्डहॅम-रॉचडेलकडचा आणि ५ जानेवारी २०२५ ला स्टॉकपोर्टसह उरलेला दक्षिणेचा. गाड्या आता पिवळ्या आहेत आणि त्यांवर मधमाशी आहे. कष्टाचे प्रतीक म्हणून ही माशी १८४२ पासून मँचेस्टरच्या मानचिन्हात आहे.

पण माझे लक्ष गेले ते रंगाकडे नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून दोन मार्गांवर प्रयोग म्हणून रात्रभर गाड्या सोडल्या: बोल्टनचा ३६ नंबर आणि ली गावाचा व्ही-१. इस्पितळात रात्री झाडलोट करणारी बाई, गोदामात माल उतरवणारा हमाल, पहाटे पाव भाजणारा कामगार, हे या गाड्यांचे उतारू. पहाटे तीनला काम सुटले, तर पाचची पहिली गाडी येईपर्यंत त्यांना आता थांब्यावर कुडकुडत बसायला नको.