चतुःसीमेतील पूर्वज

आपल्या घराण्याचा मूळपुरुष शोधण्याच्या हौसेने जो मनुष्य एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या कागदपत्रांकडे वळतो, तो बहुधा त्र्यंबकेश्वरच्या अथवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून आजा, पणजा, खापरपणजा अशी नामावळी उतरून आणतो आणि तेवढ्यावर कृतार्थ होतो. परंतु तो खापरपणजा कोणती जमीन कसत होता आणि त्याच्या बांधाला कोणाचा बांध लागून होता, हे त्या वहीत सापडत नाही. ते शोधावयाचे तर शेजाऱ्यांचे कागद उघडावे लागतात.

कुणब्याला स्वतःविषयी काही लिहून ठेवण्याचे कारण क्वचितच पडे; पण शेजारच्याने वंशपरंपरागत जमिनीच्या हक्काचे मिरासपत्र करून दिले, की त्यात पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमक्याचे थळ, अशी चतुःसीमा घालावीच लागे, आणि त्यामुळे ज्याच्या घरचा कागदन् कागद वाळवीने खाल्ला तो मनुष्यही दुसऱ्याच्या सीमेवर शाबूत उभा असलेला आढळतो. तंटा पेटून महजर (गावसभेचा लेखी निवाडा) झाला तर शोध करणाऱ्याचे भाग्यच उजळले म्हणावयाचे, कारण अशा कागदावर पाटील-कुळकर्ण्यांच्या मागोमाग बलुतेदारही साक्षीस येत. कुणब्याच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, अशा निशाण्या पडत. आणि शिवेचा वाद असला तर महाराच्या शब्दाला जे वजन मिळे, ते एरवी त्याला गावात कोणी देत नसे.

पुण्याहून नगरच्या वाटेवर लोणीकंद नावाचे गाव आहे. पेशवाई बुडाल्यावर लवकरच, 1820 च्या सुमारास, टॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने या गावाची शेती, माणसे आणि रीतिभाती यांचे सविस्तर वर्णन लिहिले. ते 1823 साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले, आणि पुढे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याच गावाची पुन्हा पाहणी करून 1960 साली पुस्तक प्रसिद्ध केले. एका खेड्याला असे दोन चरित्रकार लाभावेत, हे विरळा होय. कोट्स यांनी हे गाव पाहिले त्या काळी मिरासदाराला थळकरी म्हणत आणि बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्याला उपरी. दख्खनमध्ये थळाला मूळ घराण्याचे नाव असे, आणि ते घराणे निर्वंश अथवा परागंदा झाले तरी ‘गतकुळ’ या शेऱ्यानिशी थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, ते नाव टिकून राही. येथेच वंशावळीचे हौशी लोक फसतात. थळाचे नाव वाचून ते आपला मूळपुरुष ठरवितात, आणि ज्याचा वंश खुंटला अशा अनोळखी कुळाला आपले पितर करून बसतात.

1836 साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या सरकारी अधिकाऱ्यांच्या पद्धतीची जमीन-पाहणी सुरू झाली आणि पुढे ती सर्व दख्खनभर पसरली, तेव्हा थळाच्या जागी सर्व्हे नंबर आला. सरकारची सोय झाली खरी. परंतु जमिनीला चिकटलेले घराण्याचे नाव त्यामुळे सुटले, आणि पुढील शोधाला आकडा घेऊन जावे लागते.

स्त्रिया या दफ्तरांत जवळजवळ नाहीतच. एखादी विधवा खातेदार म्हणून दिसते तेवढीच. उपऱ्याचेही तेच. त्याला मिरास नाही, म्हणून मिरासपत्र नाही. मानपान नाही, म्हणून महजरावर निशाणीही सहसा नाही. त्याचे नाव निघावयाचे ते सावकाराच्या खतात. पण 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात रयतेचा जो क्षोभ उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला, त्यात नेमकी खते आणि वह्याच जाळल्या गेल्या. जाळणाऱ्यांचे चुकले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना त्या कागदांत पूर्वज दिसत नव्हते, व्याज दिसत होते. पुढे 1879 चा दख्खन शेतकरी कायदा होऊन शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर करावे, असे बंधन आले, आणि ज्या उपऱ्याचा कोणत्याही चतुःसीमेत उल्लेख नाही तो बापाच्या नावासह सरकारी बुकात चढला, तो कर्जदार म्हणून.