यशोदाही जन्मदाती नव्हती

ऐकताना नावं आणि सालं निसटतात असे मेसेज बऱ्याच जणांचे येतात, म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. चाकणच्या कंपनी बसमध्ये बसलात तर पोचेपर्यंत वाचून होईल. तळेगाव-चाकण रोडला ट्रॅफिक लागलं तर दोनदा होईल.

आजचा विषय आहे एक फोटो. साल २००६. फोटोत यशोदा आहे आणि सोबत बाळकृष्ण. राजा रवी वर्म्याच्या चित्रासारखी मांडणी. फोटोचं नाव 'यू टू कॅन टच द मून', म्हणजे तूही चंद्राला हात लावू शकतेस. आणि यशोदा झालेली व्यक्ती आहे हिजडा समाजातली. तिला आई व्हायचं होतं.

हा फोटो केला तेजल शाह यांनी. जन्म १९७९, भिलाईचा. फोटोग्राफीचं शिक्षण ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. काम बरीच वर्षं मुंबईत. व्हिडिओ, फोटो आणि परफॉर्मन्स या तिन्हींत काम करणारं, स्त्रीवादी आणि क्वीअर म्हणून ओळखलं जाणारं हे नाव. परफॉर्मन्स आर्ट म्हणजे काय, तर इथे कलाकृतीचा कच्चा माल माणसाचं शरीरच असतं. रंग, दगड, माती याऐवजी एखादी व्यक्ती उभी राहते, काहीतरी करते, आणि ते करणं हीच कला.

एक शब्द आधी स्पष्ट करते. 'हिजडा' आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पण तो एका समाजाचं, गुरू-चेल्यांच्या परंपरेचं नावही आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांच्या मराठी आत्मकथनाचं नावच 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' असं आहे. मी तो शब्द त्याच अर्थाने वापरणार आहे.

आता तुम्ही म्हणाल, मुंबईतल्या आर्ट गॅलरीतल्या फोटोचा आपल्या पिंपरी-चिंचवडशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच लोकल लाइनवर आहे.

मळवलीचा छापखाना

पुणे-लोणावळा लोकल. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड करत गाडी पुढे जाते आणि लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन येतं मळवली. लोहगडला किंवा भाज्याच्या लेण्यांना जाणारे आपण सगळे तिथे उतरलोय. याच मळवलीत एकेकाळी राजा रवी वर्म्याचा छापखाना होता.

रवी वर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत हा छापखाना सुरू केला. पुढे मुंबईत प्लेग पसरला आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला आला. नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तंत्र होतं शिळाछापाचं. चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. खर्च एकदाच, प्रती हजारो. आधी राजवाड्यात टांगायचं चित्र आता चाळीतल्या खोलीतही लागायला लागलं. आज डोळे मिटून लक्ष्मी किंवा सरस्वती आठवा. जी दिसेल तिच्यावर या छापखान्याचा हात फिरलेला असतो. १९७२ मध्ये आगीत तो नष्ट झाला, पण देवीचा चेहरा आपल्या डोक्यात ठेवून गेला.

म्हणजे आई कशी दिसते, देवी कशी दिसते, 'बाई' कशी दिसते, याचा साचा ज्या ठिकाणी ठरला त्यातलं एक ठिकाण आपल्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर आहे. तेजल शाह यांनी यशोदेसाठी रवी वर्म्याची चौकट घेतली, ती याच कारणाने महत्त्वाची. ती चौकट सगळ्यांच्या ओळखीची आहे. वेगळं आहे ते फक्त आत कोण बसलंय एवढंच.

साडी नेसलेला पुरुष आणि टाळ्या

गंमत अशी, की पुरुषाने बाई होणं महाराष्ट्राला अजिबात नवीन नाही. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी लोणावळ्यात छपाईचा धंदा करत होते आणि रवी वर्मा प्रेसचंही काम करत होते. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. त्याआधी ते एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंक्यांनीच राम केला आणि सीताही. रंगभूमीवर बालगंधर्व. त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांची चाल बघून घरंदाज बायका फॅशन ठरवायच्या.

पण या कौतुकाला एक अट होती. नाटक संपलं की साडी उतरली पाहिजे. पडदा पडल्यावरही जिला साडीतच राहायचंय, तिच्यासाठी टाळ्या नव्हत्या. तिच्यासाठी कायदा होता.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी, कंजारभाट अशा जमातींमुळे माहीत असतो. त्याचा दुसरा भाग हिजड्यांवर होता. त्याचा अंमल मुख्यतः तेव्हाच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात झाला. संशयितांची सरकारी नोंदवही करायची. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेषात रस्त्यावर दिसली, किंवा सार्वजनिक जागी नाचली-गायली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे थेट परफॉर्मन्सवरच बंदी!

आणि त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. नोंद झालेल्या व्यक्तीला कुणा अज्ञान मुलाचं पालक होता येणार नाही, बक्षीसपत्र किंवा मृत्युपत्र करता येणार नाही, आणि मुलगा दत्तक घेता येणार नाही.

हे कलम लक्षात ठेवा आणि परत त्या फोटोकडे या.

यशोदाच का?

कृष्णाची आई कोण, असं कुणालाही विचारा. दहातले नऊ जण यशोदा म्हणतील. पण जन्म दिला देवकीने. यशोदेने वाढवलं. आपल्या सगळ्या गोष्टींमधली सर्वात लाडकी आई ही जन्मदाती नाहीच, ती सांभाळणारी आई आहे. आपण पिढ्यान् पिढ्या हे मान्य केलंय, गोकुळाष्टमीला त्यावर उत्सव केलाय. तरीही एका विशिष्ट समाजाला मूल सांभाळायची मनाई कायद्यात लिहिली गेली, आणि ते कुणाला खटकलं नाही.

फोटोचं नाव चंद्रावरून का, यावर मी बराच विचार केला. चंद्र हवा म्हणून हट्ट करणारं बाळ आपल्याला गोष्टींतून माहीत आहे. आई मग पाण्यात किंवा आरशात चंद्र दाखवते. मला वाटतं, इथे चंद्र मागणारी आई आहे, आणि कॅमेरा तिचा आरसा झालाय. फोटो काढून झाल्यावर बाळ परत जाणार हे तिलाही माहीत आहे.

हा फोटो ज्या मालिकेत आहे तिचं नाव 'हिजडा फँटसी सिरीज'. पद्धत साधी होती. तुला स्वतःला कसं बघायला आवडेल, या इच्छेवरून चित्र उभं करायचं. एकीने आई व्हायचं ठरवलं. एकीला दाक्षिणात्य सिनेमाची नायिका व्हायचं होतं. लक्ष्मी नारायण त्रिपाठी झाल्या क्लिओपात्रा. बिचारी कुणीच नाही झाली. तोपर्यंतच्या फोटोंमध्ये हिजडा म्हटलं की सिग्नल, टाळी, भीक किंवा अंधारी खोली. तेजल शाह यांनी आधी विचारलं आणि मग कॅमेरा लावला, एवढाच फरक. पण तो सगळं बदलून टाकतो.

तो काळही आठवा. २००६ मध्ये कलम ३७७ लागू होतं. दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २००९ चा, तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला आणि शेवटी २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. तेजल शाह यांनी २००३ मध्येच मुंबईत 'लर्जिश' नावाचा लैंगिकता आणि लिंगभाव या विषयावरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सहकाऱ्यांसोबत उभा केला होता. पुढे २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममधल्या 'ग्लोबल फेमिनिझम्स' या प्रदर्शनात आणि २०१२ मध्ये जर्मनीच्या 'डॉक्युमेंटा'मध्ये त्यांचं काम पोचलं.

पण फोटोवर नाव कुणाचं?

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. गॅलरीच्या भिंतीवर नाव लागतं कलाकाराचं. स्वप्न मात्र दुसऱ्या कुणाचं. मग हे कुणाचं काम म्हणायचं?

तुलनेसाठी बंगळुरूच्या पुष्पमाला एन. घ्या. त्यांनीही २००० ते २००४ या काळात फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्यासोबत रवी वर्म्याची लक्ष्मी परत उभी केली. पण त्या स्वतः लक्ष्मी झाल्या. शरीर त्यांचं, विनोद त्यांचा, जोखीमही त्यांची. तेजल शाह यांच्या फोटोत जोखीम फोटोतल्या व्यक्तीचीही आहे. आणि गॅलरीत ज्याला लोक दाद देतात, त्याच व्यक्तीला बाहेर रस्त्यावर भाड्याने खोली कोण देणार?

हाच वाद २०२३ मध्ये 'ताली' आली तेव्हा परत झाला. गौरी सावंत यांची भूमिका सुश्मिता सेनने केली आणि एखादी पारलिंगी अभिनेत्री का नाही, असं अनेकांनी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. माझं मत एवढंच, की फोटोतल्या यशोदेला निदान विचारलं गेलं होतं. भूमिका तिने स्वतः निवडली होती आणि ती तिने स्वतःच केली. सत्तर-ऐंशी टक्के लढाई या 'विचारण्या'ची आहे.

कायदा आठ वर्षांनी पोचला

१५ एप्रिल २०१४. सर्वोच्च न्यायालयाचा 'नालसा' निकाल. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि सिक्री यांच्या खंडपीठाने सांगितलं, की आपलं लिंग काय हे ती व्यक्ती स्वतः ठरवेल. या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांमध्ये होत्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी, फोटोतल्या क्लिओपात्रा. 'तू स्वतःला कोण मानतेस' हा २००६ च्या स्टुडिओतला प्रश्न आता न्यायालय विचारत होतं.

आई होण्याचा प्रश्न मात्र तिथे सुटला नाही. पुण्यात जन्मलेल्या गौरी सावंत यांनी एका अनाथ मुलीला वाढवलं. २०१७ मध्ये विक्सच्या जाहिरातीतून ती गोष्ट घराघरात गेली, आपण सगळे रडलो, शेअर केलं. पण २०२२ चे दत्तक नियम उघडून बघा. भाषा 'एकटी स्त्री' आणि 'एकटा पुरुष' अशीच आहे. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, कुणीही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही. जी व्यक्ती या दोन्ही रकान्यांत नाही, तिच्यासाठी वाक्यच लिहिलेलं नाही.

आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. मी कारखान्यांसाठी हजेरी आणि शिफ्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये काम करते. फॉर्मवर 'लिंग' हा ड्रॉपडाऊन असतो. हल्ली त्यात 'इतर' हा तिसरा पर्याय असतो, छान वाटतं. पण त्या एका रकान्यावर पुढचं सगळं चालतं: कुठलं चेंजिंग रूम, कुठल्या मापाचा युनिफॉर्म, रात्रपाळीला बस दारापर्यंत सोडणार का. 'स्त्री'साठी नियम लिहिलेला असतो, 'पुरुष'साठी असतो. 'इतर' निवडलं की पुढे नियम नसतो. यादीत नाव आलं आणि व्यवस्थेत जागा आली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दत्तक कायद्यात नेमकं हेच झालंय, तिथे तर अजून यादीतही नाव नाही.

आपल्या शहराने या दुसऱ्या गोष्टीची एक छोटी सुरुवात केली हेही सांगायला हवं. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. युनिफॉर्म, ड्यूटी, पगार. त्या युनिफॉर्ममध्ये स्वप्नासारखं काही नाही, आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. रोज सकाळी ड्यूटीवर येणाऱ्या माणसाकडे लोक तमाशा म्हणून बघत नाहीत, काही दिवसांत सवय होते.

पगाराची चिठ्ठी आली की भाडेकरार मागता येतो, बँकेत खातं उघडता येतं, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करायची वेळ येऊ शकते. तिथे परत तो रकाना येतो: आईचं नाव, वडिलांचं नाव. त्या फोटोतल्या यशोदेने २००६ मध्ये मागितलं होतं ते एवढंच, त्या पहिल्या रकान्यातलं नाव.

पुढच्या वेळी लोकल मळवलीला थांबली तर एक मिनिट छापखान्याची आठवण काढा. आणि तुमच्या कंपनीत, कॉलेजात, सोसायटीत असा एखादा फॉर्म बनत असेल, तर तिसऱ्या पर्यायाच्या पुढे काय लिहिलंय ते विचारा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवते. भेटूया!