खारघरच्या पानातील लिंबू

खारघर, बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही पनवेल तालुक्यातील गावे जेव्हा भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांच्यावर गुजराण करीत होती, तेव्हा तेथील स्वयंपाकाला आंबटपणासाठी लिंबाची वाट पाहावी लागत नसे; कालवणात चिंच पडे, सारात आमसूल पडे, आणि चैत्र-वैशाखात कैरी त्या दोहोंनाही बाजूला सारी. कागदी लिंबाला पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कोरडी हवा मानवते, कोकणच्या धुवांधार पर्जन्यात मात्र त्याच्या पानाफळांवर खैऱ्या रोगाचे डाग झपाट्याने पसरतात. म्हणून कोण्या परसात एखादे झाड असले, तरी लिंबाचा खरा मुलूख घाटावरचा, म्हणजे नगर-सोलापूरकडचा.

त्या मुलखाशी या परिसराचा संबंध जुनाच आहे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा जिन्नस पनवेल बंदरी उतरून तेथून मचव्यांनी मुंबईस रवाना होऊ लागला. या रहदारीमुळे पनवेलची पेठ इतकी भरभराटली, की १८५२ सालीच तेथे नगरपालिका स्थापन झाली. परंतु १८६३ साली आगगाडीने घाट ओलांडला आणि ती कर्जत-कल्याणमार्गे मुंबईस पोहोचली, तेव्हा पनवेलचे बंदर मागे पडले आणि त्याच्या शेजारची खाडीकाठची गावे पुढे शंभर वर्षे आपल्या भाताच्या खाचरांत आणि आपल्या चिंच-आमसुलांत स्वस्थ राहिली.

ही स्वस्थता मोडली ती सिडकोच्या आगमनाने. १९७० साली हे महामंडळ स्थापन झाले, ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले, आणि खाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. तेथे राहावयास आलेल्या विदर्भाच्या, देशाच्या आणि मराठवाड्याच्या कुटुंबांनी आपापली चव बरोबर आणली; शिवाय मुंबईचा भाजीपाल्याचा घाऊक बाजार तुर्भ्यास हलल्यामुळे घाटावरचे लिंबू हाकेच्या अंतरावर आले. पूर्वी ज्या घरी लिंबू पाहुण्यासारखे येई, तेथे ते मीठ-मिरचीच्या पंक्तीस बसले आणि तळलेल्या मासळीवर पिळले जाऊ लागले.

येथे मला महाराष्ट्राच्या पान वाढण्याच्या रीतीचे महत्त्व मनापासून वाटते. पानाच्या डाव्या बाजूला, मिठाशेजारी, लिंबाची फोड वाढावयाची आणि जेवणाऱ्याने ती वरण-भातावर स्वतः पिळावयाची, या क्रमात लिंबाचा रस चुलीपासून दूर राहतो. लिंबातील 'क' जीवनसत्त्व उष्णतेने क्षीण होते. म्हणून उकळत्या आमटीत ओतलेल्या रसापेक्षा पानात पिळलेला रस अधिक गुणकारी ठरतो. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्याने हिरड्यांतून रक्त वाहणाऱ्या खलाशांना निरनिराळे उपचार देऊन पाहिले, आणि संत्री-लिंबे खाणारेच त्वरेने सुधारले, तेव्हा हा गुण पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस भरला. तरीही इंग्रजी आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळण्यास १७९५ साल उजाडावे लागले.

तथापि लिंबाची स्तुती प्रमाणात करावी. त्याच्या १०० ग्रॅम रसात 'क' जीवनसत्त्व सुमारे ३० मिलिग्रॅम असते आणि आवळा व पेरू याबाबतीत त्याला कितीतरी मागे टाकतात. एका फोडीने दिवसाची गरज भागत नाही. त्याचे खरे मोल सोबतीत आहे. नाचणी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरास सहजासहजी मिळत नाही, आणि त्याच घासाबरोबर लिंबाचा रस गेला तर ते अधिक शोषले जाते. उलट जेवणानंतर लगेच घेतलेला चहा या शोषणास अडथळा करतो. मुरलेल्या लोणच्यात रुची टिकते, पण हे जीवनसत्त्व बव्हंशी गेलेले असते. तेव्हा मटकीची उसळ वा चवळीची भाजी आधी पानात यावी, आणि मग तिच्यावर ताजी फोड पिळावी.