विश्लेषण: ऑनलाइन सेलमधल्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतं?

मोबाइलवर ऑर्डर द्यायची आणि दुसऱ्या दिवशी वस्तू दारात, तीही अनेकदा दुकानापेक्षा कमी दरात. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या कंपन्यांनी खरेदी सोपी केली आहे. पण ही सवलत येते कुठून? आणि ग्राहकाच्या हातात काय आहे?

फायदे खरे आहेत

तालुक्याच्या बाजारात न मिळणारं पुस्तक किंवा मिक्सरचा सुटा भाग आता घरी येतो. बाहेर पडणं अवघड असलेल्या ज्येष्ठांना आणि दिव्यांगांना मोठा आधार मिळतो. येवल्याचा पैठणी विक्रेता थेट बंगळुरूच्या ग्राहकापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे ‘ऑनलाइन म्हणजे वाईट’ असं सरसकट म्हणता येत नाही.

विक्रेत्याच्या वाट्याला काय येतं?

परदेशी गुंतवणूक असलेल्या ई-कॉमर्स कंपनीला भारतात साधारणपणे स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकता येत नाही. तिने फक्त बाजारपेठ चालवायची, माल इतरांनी विकायचा. या बाजारपेठेत विक्रेत्याला कमिशन, पोहोचवण्याचा खर्च आणि वर दिसायचं असेल तर जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात. परत आलेल्या मालाचा भारही अनेकदा त्याच्यावरच पडतो.

१ फेब्रुवारी २०१९ पासून नियम आणखी कडक झाले. कंपनीची भागीदारी असलेल्या विक्रेत्याला तिच्याच प्लॅटफॉर्मवर माल विकायला बंदी आली. तरीही काही ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, अशी तक्रार दिल्लीतील व्यापारी संघटनेने केली. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचे आदेश दिले. २०२४ मध्ये समोर आलेल्या तपास अहवालात दोन्ही कंपन्यांवर ठपका ठेवण्यात आला. कंपन्यांनी गैरव्यवहाराचे आरोप फेटाळले आहेत. शिवाय तपास अहवाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे.

घाई कुणाला, घाम कुणाचा?

जून २०२४ मध्ये, कडक उन्हाळ्यात, हरियाणातील मानेसरच्या अ‍ॅमेझॉन गोदामाची बातमी आली. सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी किंवा स्वच्छतागृहासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचा आरोप होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेत केंद्र सरकारला नोटीस पाठवली.

दारात येणाऱ्या डिलिव्हरी कामगारांपैकी अनेकांना ठरावीक पगार नसतो. मिळकत पार्सलवर ठरते. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये अशा ‘गिग’ कामगारांचा प्रथमच समावेश झाला. त्यांच्या कल्याण निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. ही संहिता लागू व्हायला मात्र नोव्हेंबर २०२५ उजाडलं.

ग्राहकही पैसे मोजतो

‘फक्त २ शिल्लक’ असा खोटा इशारा, कार्टमध्ये गुपचूप आलेला विमा, शेवटच्या पानावर वाढलेलं शुल्क. या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा १३ प्रकारांवर बंदी घातली.

कोपऱ्यावरचं दुकान

किराणा दुकानदार महिनाअखेरीस उधारी देतो, ओळखीवर वस्तू बदलून देतो. तिथे दर कधी जास्त असतो, पर्यायही कमी असतात. पण दुकान एकदा बंद पडलं की ही सोय कोणत्याही अ‍ॅपवर जशीच्या तशी मिळत नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी काय पाहाल?

- विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली ते तपासा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती देणं बंधनकारक आहे.
- तातडीची गरज नसेल तर उशिराच्या डिलिव्हरीचा पर्याय निवडा. दोन-तीन वस्तू एकत्र मागवा.
- ‘घालून बघू, नाहीतर परत करू’ म्हणून तीन मापांचे कपडे मागवू नका.
- आवडलेल्या विक्रेत्याची स्वतःची वेबसाइट किंवा जवळपास दुकान आहे का, ते पाहा.
- कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण देणं अपेक्षित आहे. तसं झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याने गोदामातली परिस्थिती बदलणार नाही. त्यासाठी कायद्याची अंमलबजावणी लागेल. मात्र कोणती वस्तू, कुणाकडून आणि किती घाईने मागवायची, हा निर्णय ग्राहकाचाच असतो.