नळ फुटले आणि शहर जळालं

भूकंप म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवतं, भुज आठवतं. पडलेली घरं, मातीचे ढिगारे. आजची गोष्ट मात्र पडलेल्या घरांपेक्षा फुटलेल्या नळांची आहे.

१८ एप्रिल १९०६, पहाटे ५ वाजून १२ मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोची जमीन जेमतेम मिनिटभर हलली. त्यानंतर शहर तीन दिवसांहून जास्त काळ जळत राहिलं. सुमारे २८,००० इमारती गेल्या, त्यांतल्या बहुतेक आगीत. मृतांचा आजचा अंदाज ३,००० च्या आसपास आहे.

पाणी नव्हतं का? होतं. शहराबाहेरच्या तलावांत होतं, धरणंही टिकली होती. पण तिथून येणारे मोठे नळ तुटले आणि शहरातले नळ भराव घातलेल्या जमिनीत जागोजागी निखळले. बंब पोचले, हायड्रंट उघडले आणि ते कोरडे निघाले. त्याच वेळी गॅसच्या फुटक्या नळ्या आणि उलटलेल्या चुली आगी लावत होत्या. हेज व्हॅली भागात एका घरात न्याहारीसाठी चूल पेटवली गेली. धुराडं हादऱ्याने तडकलेलं होतं. त्या आगीने सिटी हॉलसकट शहराचा मोठा तुकडा गिळला. इतिहासात तिचं नावच पडलं 'हॅम अँड एग्ज फायर'.

अग्निशमन दलाचे प्रमुख डेनिस सलिव्हन पहिल्याच हादऱ्यात जबर जखमी झाले आणि चार दिवसांनी वारले. मग जनरल फन्स्टन यांचे सैनिक रस्त्यावर उतरले. पाणी नाही, तर घरं उडवून आगीपुढे मोकळा पट्टा करायचा, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. पण काही ठिकाणी डायनामाइटऐवजी काळी बारूद वापरली गेली आणि तिनेच नव्या आगी लावल्या. मी फौजेत आयुष्य काढलेला माणूस. हे वाचताना मला आजही चुटपूट लागते. उलट मिशन भागात एकच हायड्रंट चालू राहिला आणि तेवढ्यावर लोकांनी तो भाग वाचवला. दरवर्षी १८ एप्रिलला त्या हायड्रंटला सोनेरी रंग देतात.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोने आगीसाठी वेगळी जलवाहिनी टाकली, रस्त्यांखाली टाक्या बांधल्या. जपानला हा धडा जास्त महाग पडला. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामा भागात भूकंप आला तो दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना, घरोघरी जेवणाच्या चुली पेटलेल्या. एक लाखाहून जास्त माणसं गेली, बहुतेक आगीत. १९९५ ला कोबेत साडेआठ लाखांच्या आसपास घरांचा गॅस तोडावा लागला. आज तिथे मोठा हादरा ओळखून आपोआप बंद होणारे गॅस मीटर घरोघरी आहेत.

आपल्याकडे? दिल्ली, देहरादून, गुवाहाटी, कच्छ, कुठेही राहत असाल तर आज बाथरूममध्ये जाऊन गिझरकडे वर बघा. पाण्याने भरलेलं ते धूड किती स्क्रूंवर लटकलंय? भिंत पक्की आहे की पोकळ विटांची? नळाला जोडणारी नळी लवचीक हवी. ताठ पाइप हलला की सांध्यातच तुटतो. सिलिंडर उंच आणि बारीक अंगाचा, तो कोपऱ्यात साखळीने किंवा पट्ट्याने बांधा. गॅसची नळी पाच वर्षांनी बदलतात, तुमची कधीची आहे?

गच्चीवरच्या टाकीचा कॉक हा माझा आवडता विषय. हादऱ्यानंतर खाली पाइप फुटला असेल तर तो बंद केल्यानेच टाकीतलं पाणी वाचतं, आणि तेच पुढचे दिवस प्यायला पुरवायचं असतं. पण वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐनवेळी जाम झालेला असतो. महिन्यातून एकदा फिरवा, जवळच पाना टांगून ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर आणि पाइप गॅसचा स्वयंपाकघरातला व्हॉल्व्ह घरातल्या प्रत्येकाला अंधारात बंद करता आला पाहिजे, आजींनासुद्धा.

आणि वास आला तर? दिव्याचं बटण चालू नाही, बंदही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. पाइपमधला गॅस हलका, वर जातो. खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर पडायचं. एलपीजी गळतीसाठी देशभरचा तातडीचा क्रमांक योगायोगाने १९०६ आहे. तो लावायचा घराबाहेर आल्यावर.